ढोल्याचा बूस्टर

भांडण झालं की आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाही, कुत्र्याशी बोलतो. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. मी म्हणते, "ढोल्या, सांग तुझ्या बाबांना, जेवण झाकून ठेवलंय." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आईला सांग, ऐकलं म्हणावं." ढोल्या आळीपाळीनं दोघांकडे बघतो आणि शेपटी हलवतो. माझी बहीण याला पोरखेळ म्हणते. म्हणू दे. तिच्या घरी कुत्रा नाही, म्हणून तिथं भांडी आपटतात.

या वेळी मात्र भांडण ढोल्यावरूनच झालं. गेल्या वर्षी बूस्टरची लस टोचली आणि घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. डोळे मिटले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टरांनी धावपळ करून वाचवला. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, पुन्हा सुई नाही. तेही मान्य केलं असतं मी. पण या महिन्यात कोपऱ्यावरच्या वायरमनचा धिप्पाड कुत्रा रक्ताच्या उलट्या करून गेला. मोठा झालाय, आता कशाला लस, असं म्हणत त्यानं कितीतरी वर्षं दिलीच नव्हती. तो कुत्रा ज्या खांबापाशी बसायचा, तिथंच ढोल्या रोज हुंगायला थांबतो.

दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मोठ्या कुत्र्याला दरवर्षी सगळ्या लसी लागतातच असं नाही. जुन्या लसीचा जोर अंगात असेलही. रक्त तपासलं तर अंदाज येतो, पण ती सोय इथं नाही. दिली तर सूज येऊ शकते. नाही दिली आणि आजार लागला, तर मीही काही करू शकणार नाही."

"मग द्यायची की नाही?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं बोलून ठरवा."

शिकलेला माणूस, पण नेमकं आम्हाला जमत नाही तेच सांगून बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी म्हटलं देऊ. हे म्हणाले, "तुझ्या हट्टापायी त्याला मारशील." ते वाक्य मला फार लागलं. त्या दिवसापासून अबोला, आणि जे काय बोलायचं ते ढोल्यामार्फत.

शेवटी मीच ठरवलं, एक घाव दोन तुकडे. दुपारी हे चष्म्याच्या दुकानात असताना पट्टा काढला. आपल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं असतं, म्हणून बाजारामागच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. पट्टा अडकवताना ढोल्या खांद्यापाशी कळवळला. मी म्हटलं, सकाळी ह्यांनी फिरवून फिरवून दमवलेला दिसतो. बाईंना गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. त्यांनी आधी सूज येऊ नये म्हणून औषध दिलं, मग लस टोचली. तासभर तिथंच बसवून घेतलं. काही झालं नाही. मी मनातल्या मनात ह्यांना चार शब्द सुनावत घरी आले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी हे आले, चपला काढल्या आणि ढोल्याशेजारी जमिनीवर बसले. त्याच्या कानामागे खाजवत म्हणाले, "ढोल्या, आईला सांग, तिचंच खरं होतं. वायरमन परवा रस्त्यात माझ्यापाशी रडला. आज सकाळी फिरायला म्हणून नेलं ना तुला, तेव्हा आपल्या डॉक्टरांकडून लस देऊन आणली. तिला जरा लक्ष ठेव म्हणावं."

माझ्या हातातली कणकेची परात खाली ठेवायचंही मला सुचेना. सवयीनं मी ढोल्याकडेच वळले, "सांग बाबांना..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. ढोल्याचा वरचा ओठ एका बाजूनं फुगला होता.

"अहो," मी ओरडले, "मीपण दिली! दुपारी!"

रिक्षात ढोल्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय ह्यांच्या. आपले डॉक्टर दवाखाना बंदच करत होते. त्यांनी ऐकून घेतलं, आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "एका घरात राहता ना?" एवढंच म्हणाले आणि त्याला आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगितलं, "औषधं दिलीत. दोन लसींमुळे की एकीमुळे, ते मला सांगता येणार नाही. आता नुसतं थांबायचं."

बाकावर आम्ही दोघं टोकांना बसलो होतो. मधे जागा सोडलेली, ढोल्या बसतो तेवढी. सवयच ती. मला ह्यांचा संताप येत होता, त्याहून जास्त माझा, आणि दोन्हीचा काडीचा उपयोग नव्हता.

"सांग हिला..." हे त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले आणि थांबले.

मी तिथं सरकले. "अहो, मलाच सांगा," मी म्हटलं. "मी ऐकतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. पण इतक्या वर्षांत माझ्याशी असं काही बोलायची सवयच राहिली नव्हती त्यांना. माझंही तेच. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो, आतून तो भुंकेल म्हणून.