बॉनेटवरचं कुंकू

बसा हो, बसा. चहा येतोय, तोवर पाय लांब करा. परवा मुंबई मेलने तुम्ही देशावर निघालात असं कळलं. म्हटलं, हालदारबाबूंचं धोतर लाल कसं झालं ते ऐकवल्याशिवाय ह्या माणसाला गाडीत बसू द्यायचं नाही.

"दोत्तो! लाल डबा का हिरवा? शेवटचं विचारतोय!"

हे ओरडताहेत ते हालदारबाबू. सियालदह स्टेशनाच्या मागं त्यांचा मोटारी धुवायचा कारखाना. आणि ज्याच्यावर ओरडताहेत तो आपला दत्तात्रय साळवी. लढाईत मिलिटरीच्या ट्रकांबरोबर कलकत्त्यात आला. लढाई संपली, ट्रक गेले, हा राहिला. बंगाल्यांत दत्त हे आडनाव, त्यांच्या तोंडी दोत्तो, त्यामुळं निम्मा मोहल्ला त्याला बंगालीच समजायचा. एका घरून तर स्थळ सांगून आलं होतं. दार त्याच्या बायकोनं, कालिंदीवहिनींनी, उघडलं, तेव्हा जिन्यावरूनच परत गेलं.

साल पंचावन्न. बाबूंनी नवा कॉम्प्रेसर घेतला होता. हातानं मेण चोळायचे दिवस गेले. आता पातळ केलेलं मेण नळीतनं फवारायचं, वर फडकं मारायचं, की मोटार तयार. पण मेण कुठलं? खिदिरपूरच्या गोदीतनं माल सोडवून विकणारा एक एजंट होता, श्रीकांत. आपलाच मराठी माणूस, टायबिय लावलेला. तो दोन डबे ठेवून गेला होता. लाल डब्यातलं मेण दाट; मारलं की मोटारीचा आरसा. हिरव्यातलं पातळ, मारलंय का नाही तेच कळेना.

बाबूंचा जीव लालवर. दत्तात्रयच्या हाताला मात्र ते पटेना.

"का पटेना?" बाबू म्हणाले.

"सांगता येत नाही, बाबू. हात नाही म्हणतोय."

"हाताला तोंड असतं का रे? उद्या सकाळी कारण घेऊन ये. वर्षाचा माल तुझ्या शब्दावर घेणार आहे. चुकलास तर मिस्त्रीपण गेलं समज, परत बादली धर!"

वर श्रीकांतनं बाजूला घेऊन सांगितलं, "साळवी, लालच म्हणा हो. गोदाम भरलंय माझं. आपण एका मुलखाची माणसं."

सकाळी दत्तात्रय चहा समोर घेऊन बसला. समोर कालिंदीवहिनी कुंकू लावत होत्या. पितळेची दोन खणांची डबी. एका खणात मेण, दुसऱ्यात कुंकू. करंगळीनं कपाळावर मेण टेकवलं, त्यावर कुंकू दाबलं, बाकीचं फुंकलं. मेणावरचं तेवढं राहिलं.

दत्तात्रय कप ठेवून उठलाच. "अगं, हे मेण कशाला लावतेस तू?"

"लग्नाला अठरा वर्षं झाली, आज विचारताय? कुंकू धरून ठेवायला. नाहीतर पूड उडून जाईल की."

"मग सियालदहच्या इंजिनांची काजळी? ती पण पूडच!"

"मला काय विचारता? मी काय मोटार आहे?"

"डबी दे. बाबूंना दाखवतो."

वहिनींनी डबी पदराखाली घेतली. हे कुंकू त्यांच्या आईनं वाईला घरी हळदीचं केलेलं. आई गेल्या माघात गेली. डबीत होतं ते शेवटचं.

"चिमूटभर घ्यायचं," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावर एक कण नाही. पुन्हा मिळायचं नाही ते."

"चिमूटभरच. शपथ."

कारखान्यात बाबूंची स्वतःची काळी ऑस्टिन उभी होती. दत्तात्रयनं बॉनेटच्या डाव्या अंगाला लाल डब्यातलं मेण मारलं, उजव्या अंगाला हिरव्यातलं. फडकं मारून दोन्ही चकचकीत केली. डबी उघडून बॉनेटच्या कडेला ठेवली, शेजारी हवेची नळी, आणि चिमूट उचलली. तेवढ्यात बाबू आणि श्रीकांत आत आले.

काळी मोटार, समोर उघडी कुंकवाची डबी. बाबूंनी चपला काढल्या.

"पूजा आहे, आधी नाही सांगायचं? दुर्गा, दुर्गा!" म्हणत ते वाकले, कपाळ बॉनेटला टेकवलं, आणि कोपर पडलं नळीच्या घोड्यावर.

फस्स! डबी उडाली. सगळं कुंकू हवेत. बाबूंचं धोतर लाल, श्रीकांतचा टाय लाल, बाबूंच्या मिशीला तर बघायलाच नको.

"की शोर्बोनाश!" बाबू ओरडले आणि नळी हिसकून घेऊन धोतरावर, मोटारीवर हवा मारत सुटले. दमले तेव्हा थांबले. बघतात तर बॉनेटची उजवी बाजू काळीभोर, स्वच्छ. डावी लालेलाल. हवेनं कण हलला नव्हता.

"हेच कारण, बाबू," दत्तात्रय म्हणाला. "लाल डबा पूड धरतो. आज कुंकू धरलं, उद्या काजळी धरेल."

बाबूंनी मिशी झटकली. "हिरवा आण. आणि दोत्तो, मिस्त्री तूच."

"आपल्याच माणसाचा माल पाडलात, साळवी," श्रीकांत पुटपुटला.

"हिरवाही तुमचाच ना? मग रडताय काय?"

सगळे हसले. दत्तात्रयला हसू येईना. रिकामी डबी त्याच्या हातात होती.

"धू ते लवकर," बाबू म्हणाले.

"आज नाही," दत्तात्रय म्हणाला. इतक्या वर्षांत बाबूंना तो पहिल्यांदाच नाही म्हणाला. तसाच ट्रामनं घरी गेला, आणि वहिनींना घेऊन आला.

वहिनींनी बॉनेटभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "अहो, चिमूट म्हणाला होतात. एवढ्या मोठ्या कपाळाला लावलंत!"

आणि हसल्या. करंगळीनं बॉनेटवरचं थोडं उचललं, मोटारीच्या आरशात बघून सकाळच्या कुंकवावर टेकवलं. राहिलेलं नखानं खरवडून, मेणासकट, डबीत भरलं. बाबू अनवाणीच, हात जोडून उभे होते. आता कसली पूजा चाललीय हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

ते कुंकू वहिनींनी सणासुदीलाच लावलं. गेल्या दसऱ्याला संपलं. आता बाजारचं लावतात. पण ती डबी रोज एकदा उघडून वास घेतात. म्हणतात, वर मोटारीचा येतो, खाली हळदीचा.

दत्तात्रय तुमच्याजवळ तोंड उघडायचा नाही, म्हणून मी उघडतोय. वाईकडनं जाल तेव्हा विचारा, कुणी बाई अजून घरी हळदीचं कुंकू करते का. आणा थोडं. डबीभर नको. चिमूटभर पुरे.