हेर हेबर्ले काय म्हणाले

पहिल्या कॉलवर हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) हेबर्ले जे बोलले, ते मला ऐकू आलं ते असं:

"पेट्या ______ बेळगावहून ______ शुक्रवारी ______ तेल ______ मोठं दार ______ ओल ______ गंज ______ समजतंय ना?"

मी म्हटलं, "हो, अगदी बरोबर."

रिकाम्या जागा मीच भरल्या. सवयीनं.

सवय अशी. निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर कन्नडात विचारतो, आई मराठीत उत्तर देते, शेजारची बाई दोन्ही मिसळून आमच्या घरची चौकशी करते. निम्मं कळतं. उरलेलं तोंडाकडे बघून जुळवायचं आणि मान हलवायची. मध्येच "काय म्हणालात?" असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या भाषेला नावं ठेवल्यासारखं. आमच्या भागात सगळे असंच बोलतात आणि बहुतेक वेळा आपापल्या स्टॉपवर उतरतातही.

जर्मन मी बेळगावात शिकले. कॅम्पातल्या डिमेलो टीचरांकडे, इंजिनिअरिंग करता करता, चार वर्षं. (त्यांचे आभार इथंच मानून घेते, पुढं गडबड आहे.) त्यांनी शिकवलेली जर्मन बातम्यांतल्यासारखी स्वच्छ. हेर हेबर्ले जर्मनीतल्या उल्मजवळच्या एका खेड्यातले, पंपांच्या कारखान्यात तपासणीचे प्रमुख, एकतीस वर्षं एकाच जागी. त्यांची जर्मन मला ऐकू येते ती निपाणीच्या बाजारातली मराठी पुण्याच्या माणसाला ऐकू यावी तशी.

आणि मी श्रद्धा मगदूम. उल्मच्या एका लहान सल्लागार कंपनीची बेळगावातली सल्लागार, पहिले सहा महिने प्रोबेशनवर. जर्मन कारखाने बेळगावच्या फौंड्र्यांकडून ओतीव भाग घेतात. काही बिघडलं की दोन्हीकडच्यांशी बोलून ते कुठं बिघडलं हे शोधायचं, हे माझं काम. पंपांच्या भागांवर गंज चढत होता. का, ते मी सांगायचं होतं.

सांगितलं. अहवालात, ठळक अक्षरांत:

बेळगावच्या फौंड्रीचं पॅकिंग ओलं राहतं.

मग माझ्या वरिष्ठ, फ्राउ केसलर, यांचा कॉल आला.

"श्रद्धा, हेर हेबर्ले म्हणतात, हे मी बोललोच नाही."

मी अहवाल उघडला. ते वाक्य ठळकच होतं.

"ते म्हणतात, ती मुलगी सगळ्याला हो म्हणते. त्यांना जर्मन मातृभाषा असलेलाच सल्लागार हवाय."

"आणि तुम्हाला?"

"मला खरा अहवाल हवाय. गुरुवारी त्यांच्याशी परत बोल. मीही कॉलवर असेन. त्यानंतर ठरवते, तुला कायम करायचं की सहा महिन्यांवर थांबायचं."

सोमवार: व्याकरण.

मंगळवार: हेबर्लेंच्या भागातल्या बोलीचे व्हिडिओ. एक म्हातारा कोबीच्या शेतात उभा राहून वीस मिनिटं काहीतरी सांगतो. कोबी तेवढा कळला. संध्याकाळच्या बसनं निपाणीला घरी आले.

बुधवार: आईनं हातात डबा दिला. "आप्पास्नी नेऊन दे जा. खोलीत बसून कसली भाषा येणार हाय?"

माझे वडील, बाबगोंडा आप्पा, तालुका कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देतात. मराठी माणसांचे अर्ज, कचेरीच्या कन्नडात. त्यांचं कन्नड घरचं नाही. आमच्या घरात मराठीच. पंचविशीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते तेव्हा तिथल्या माणसांकडून उचललं, मग रात्रशाळेत लिहायला शिकले.

टेबलासमोर जयाबाई म्हणून एक बाई बसल्या होत्या.

"माझं नाव जमिनीच्या उताऱ्यावर घाला म्हणून लिवा, आप्पा."

आप्पांनी पेन उचललंच नाही. "नाव कधी न्हवतंच, का हुतं नि गेलं?"

"हुतं की. मालक वारले, मग धाकल्या दिरानं..."

"थांबा. आता मी सांगतो, तुम्ही ऐका. तुमचं नाव हुतं. मालक वारले. दिरानं तुमचं नाव काढलं."

"अवो तसं न्हवं! दीर लई गरीब हाय माझा. त्यानं आपलं नाव घालायला दिलं, तवा कचेरीत माझं गळालं."

"चुकलो. परत ऐका. तुमचं नाव हुतं. मालक वारले. दिरानं आपलं नाव घालायला अर्ज दिला."

"व्हय."

"त्या वक्ताला कचेरीत तुमचं गळालं."

"व्हय. आनि दिराचा काय दोष न्हाय, हे बी लिवा. न्हायतर जाऊबाई उद्या मला चा दील का?"

"दील की," मागून भरमू नावाचे आजोबा म्हणाले, "बिनसाखरंचा!"

सगळे हसले. आप्पांनी हसू ओसरू दिलं आणि मग पेन उचललं.

जयाबाई गेल्यावर डबा उघडला. मी म्हटलं, "आप्पा, बसमधी तर तुम्ही कुणाला असं परत परत इचारत न्हाय."

"बसमधी चुकलं तर फुडच्या स्टॉपला उतरतोय गं. हितं चुकलं असतं तर त्या बाईच्या घरात भांडण मी लावलं असतं."

"लोकांना वाटत न्हाय, ह्या माणसाला काय कळतच न्हाय म्हणून?"

"वाटतंय की. हा भरमू पैल्यांदा आलता तवा म्हणला, बाबगोंडा, तू बहिरा हाईस का?" आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आजबी आलाय बघ, बहिऱ्याकडंच."

गुरुवारचं मी काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. भाजीत मीठ कमी आहे एवढं आईला सांग म्हणाले.

गुरुवार. दुपारी अडीच. बेळगावातली माझी भाड्याची खोली, पडद्यावर दोन चौकोन.

"हेर हेबर्ले, मागच्या वेळी मला तुमचं निम्मंच समजलं. उरलेल्याला मी हो म्हटलं. चूक माझी आहे. आज तुम्ही सांगा, मी तेच माझ्या साध्या जर्मनमध्ये तुम्हाला परत सांगेन. चुकेन तिथं थांबवा."

फ्राउ केसलर यांनी काहीतरी टिपून घेतलं.

"वेळ लागेल," हेबर्ले म्हणाले.

"लागू दे."

ते बोलले. मग:

मी: पेट्या बेळगावहून ओल्या येतात.
ते: नाही! कोरड्या येतात.
मी: कोरड्या येतात. शुक्रवारी तुम्ही भाग जोडणीला देता.
ते: शुक्रवारी मोजतो. जोडणी सोमवारी.
मी: शुक्रवारी मोजणी, सोमवारी जोडणी. मधल्या काळात मोठं दार उघडंच असतं.
ते: हिवाळ्यात? दार उघडं ठेवणाऱ्याला मी घरी पाठवीन. शनिवारी ट्रक आला की तेवढं उघडतात.
मी: शनिवारी ट्रक येतो, दार उघडतं, ओल आत येते.
ते: हां.

अकरा वेळा थांबवलं मला. सातव्यांदा म्हणाले, "थकलात का, फ्राउ मगदूम?"

"नाही. तुम्ही?"

"मी एकतीस वर्षांपासून थकलोय." आणि हसले. त्यानंतर सावकाश बोलू लागले. मी विनंती केली नव्हती.

मी: भागांवर बेळगावचं गंजरोधक तेल असतं. मोजण्याआधी तुम्ही ते पुसता.
ते: अर्थात. तेलावर मोजणार कसं?
मी: मोजून झालं की परत लावता.
ते:

ते:

ते: थांबा.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. दूर कुणाला तरी हाक. मग परत येऊन बसले.

"ते तेल आमचा योखेन लावायचा. योखेन मार्चमध्ये निवृत्त झाला." त्यांनी चष्मा काढला. "लिहा. फौंड्रीचा दोष नाही. मोजल्यावर तेल कुणी लावत नाही. दोष आमचा."

मी लिहिलं. लिहून परत वाचून दाखवलं. बारावी चूक निघाली नाही.

फ्राउ केसलर पहिल्यांदाच बोलल्या. "हेर हेबर्ले, तुम्हाला दुसरा सल्लागार हवा होता."

"हवा होता. पण दुसऱ्यानं पहिल्याच वाक्यात सगळं समजल्यासारखं केलं असतं, आणि मग मीही मला सगळं माहीत असल्यासारखं बोललो असतो. ह्याच असू देत. फक्त पुढच्या वेळी मला आधी कॉफी घेऊ द्या."

जयाबाईंचे आभार कसे मानू? त्यांना यातलं काहीच माहीत नाही. हेबर्लेंचे मानले, तर ते म्हणाले, "कशाबद्दल?" फौंड्रीच्या मालकांनी उलट माझेच मानले, आणि पहिल्या अहवालामुळं मला मान वर करता येईना. आप्पांचे मानायचे, तर आमच्या घरात तो शब्द कुणी कधी वापरलेलाच नाही.

पुढच्या बुधवारी मी निपाणीला होते. आप्पांच्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसले होते, तेव्हा मोबाइलवर करार आला. चार पानं, जर्मन. नेमणूक: सल्लागार, कायम. डोळे भरून आले म्हणून तिसरं पान दोनदा वाचावं लागलं. मग कळलं, त्यातला एक परिच्छेद डोळ्यांत पाणी नसतानाही समजत नाहीये.

खाली सहीची जागा होती. मी तिथंच फ्राउ केसलर यांना फोन लावला.

"तिसऱ्या पानावरचं मला नीट समजलं नाही. तुम्ही सांगता का? मग मी परत सांगेन."

त्या सांगू लागल्या. रांगेतला रवळू मोठ्यानं विचारत होता, "आप्पा, ही कुठली भाषा म्हनायची?"

"गप रं, रवळू," आप्पा म्हणाले. त्यांनी समोरचा अर्ज बाजूला ठेवला, पेनाला टोपण लावलं. "जरा थांबा सगळी. तिचं हुंदे."