साफ्ताचा हंडा

बसा असे जवळ. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या. गोष्ट सांगतो म्हणालो होतो ना, सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, ही ऐकून तुम्हाला आमच्या माणसांचं कौतुक-बिवतुक वाटायचं नाही. जिची गोष्ट आहे तिनंच मला सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

तिचं नाव झाम्फिरा. ओल्ट नदीच्या काठी, पॉपलरच्या झाडांखाली आमची तांबटांची वस्ती. बुखारेस्टातलं जुनं सरकार पडून तीनेक वर्षं झाली असतील. सगळ्या देशाची उलथापालथ झालेली, पण आमच्याकडं हातोडे तसेच वाजायचे. आलुबुखारे पिकायला लागले की गावोगावचे गाजो, म्हणजे आमच्यातले नसलेले, तुमच्यासारखे, दारू गाळायचे हंडे घ्यायला यायचे.

झाम्फिराला बाप नव्हता. आई रादा, आणि बापाचा भाऊ तोमिका. घर तोमिकाच्या नावावर, भाकरी तोमिकाच्या कमाईची, म्हणून शब्दही तोमिकाचा. ह्या पोरीला जन्मापासून एक देणगी होती. तांब्याला गाल लावला की तिला आतलं ऐकू यायचं. भांडं घडताना जवळ जे कोण बोललं, हसलं, रडलं, ते तांबं धरून ठेवतं असं ती म्हणायची. आता तुम्ही हसाल. हसा. पण भांड्याला केसाएवढी चीर असली तरी ती डोळे मिटून बोट ठेवायची, आणि नेमकी तिथंच चीर निघायची. वस्तीतला सगळ्यात जुना कारागीर बुर्चाबाबा, तो कुठलाही हंडा तिचा गाल लागल्याशिवाय गाडीत चढवत नसे.

बुर्चाबाबाची एकुलती पोर साफ्ता. झाम्फिराच्याच वयाची, दोघी एका ताटात जेवायच्या. साफ्ता बापाचा भाता ओढायची आणि सारखी खिदळायची, इतकी की म्हातारा म्हणायचा, अगं ठोका चुकतोय माझा, जरा गप बस. त्या वसंतात बापलेकीनं मिळून एक मोठा हंडा घडवला. बोकड अख्खा शिजेल एवढा. पण हातोडीनं ठोकून मठारणं संपलं आणि आठ दिवसांत साफ्ता तापानं गेली.

पुरून आल्यावर झाम्फिरानं त्या हंड्याला गाल लावला. साफ्ता आत हसत होती.

तिनं म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग स्वतः कान लावला, त्याला काही ऐकू आलं नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो तिला हाक मारायचा, आणि ती गाल लावायची.

"आज काय म्हणते?" तो विचारायचा.

"हसतेय, बाबा."

एवढ्यावर म्हाताऱ्याचा दिवस निघायचा.

आता तोमिकाकडं येऊ. नदीपलीकडं एक गिरणीवाला गाजो होता. त्यानं तो हंडा वस्तीत बघितला आणि त्याला तोच पाहिजे झाला. तोमिका मध्ये पडला. तीनदा बुर्चाबाबाकडं गेला, तीनदा म्हाताऱ्यानं त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. चौथ्यांदा तोमिका गेलाच नाही. घरी बसून मिशी चावत राहिला.

त्याच आठवड्यात झाम्फिराला न्हाण आलं.

तुम्हाला विटाळ काय ते सांगायला नको. आमच्यात बाईच्या घागऱ्याचा विटाळ फार कडक. न्हात्या बाईचा घागरा भांड्यावरून गेला की ते भांडं संपलं. त्यात शिजत नाही, त्यात पाणी भरत नाही, ते वस्तीतही ठेवत नाहीत. सोन्याचं का असेना. पोर लहान असेपर्यंत तिच्या घागऱ्याला काही जोर नसतो, कशावरून उड्या मारू दे. न्हाण आलं की जोर येतो. बायका ह्याची कुजबुजत चेष्टा करतात, की नवऱ्याला घाबरवायला देवानं आपल्याला एवढं एकच हत्यार दिलंय.

रादानं दिराला सांगितलं, की पोरीला आता नवा घागरा लागेल, लांब झालरीची शाल लागेल. लग्नाच्या पोरी घालतात तसली, लाल गुलाबांची. झाम्फिराच्या अंगावर आईचीच विटकी शाल होती आणि रविवारी ती पाठ भिंतीला लावून बसायची, भोकं दिसू नयेत म्हणून. तोमिकानं ऐकून घेतलं. मग पुतणीला अंगणात बोलावलं, पहिल्यांदाच शेजारी बसवलं, आणि म्हणाला, की तू आता बाई झालीस, घरासाठी बाईसारखं काहीतरी कर. शाल मी आणतो. तू फक्त एकदा अडखळायचंस.

ती म्हणाली, त्यात साफ्ता आहे. तोमिका म्हणाला, साफ्ता देवाघरी आहे, हंड्यात तांबं आहे.

खोटं कशाला सांगू, तिला शाल पाहिजे होती. काकाची भीती होती हे खरं, पण ती मला म्हणाली, की भीतीच्या आडून शाल दिसत होती.

गुरुवारी, साफ्ता गेल्यावर सहाव्या आठवड्याला घालायच्या जेवणाची तयारी चालली होती. जेवण शनिवारी. बुर्चाबाबाच्या अंगणात बायका कोबीची पानं उकडत होत्या, आणि मध्यभागी तो हंडा राखेनं घासून पालथा ठेवलेला. पहिल्यांदा त्यात अन्न शिजणार ते साफ्ताच्या नावानं, असं म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. झाम्फिरा पाण्याची बादली घेऊन आली, धावत. हंड्यापाशी पाय अडकला असं दाखवलं, आणि घागऱ्यासकट वरून पलीकडं गेली.

कुणाच्या तरी हातातलं पान गळून पडलं.

बुर्चाबाबा उठला. त्याला हंडाही वाचवायचा होता आणि पोरीलाही. तो हसत हसत सगळ्यांना म्हणाला, की अरे काय झालं, लहान पोर आहे, लहान पोरीच्या घागऱ्यानं काय होतंय. मग तिच्याकडं वळून म्हणाला, "होय ना गं? लहानच आहेस ना अजून?"

नुसतं हो म्हणायचं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. कुंपणाला टेकून तोमिका नखं साफ करत होता. झाम्फिरानं त्याच्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलंच नाही.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "सोमवारपासून नाही."

आता गंमत बघा. पोरगी खरंच बोलली होती. त्या दिवशी त्या अंगणात तिनं जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा लबाडपणा तोच. बायका लगेच कुजबुजायला लागल्या, की बघा हो, केवढी गुणाची, स्वतःची लाज सांगितली पण आपल्या ताटात विटाळ पडू दिला नाही.

म्हातारा हंडा झाडामागं ठेवतो म्हणाला. शिजवणार नाही, नुसता ठेवतो. तेव्हा तोमिका पुढं आला, टोपी काढून, अगदी सभ्य. म्हणाला, की बुर्चाबाबा, विटाळलेलं भांडं वस्तीत राहिलं तर साफ्ताला त्या जगात पाणी मिळायचं नाही. माझ्या पुतणीची चूक आहे, मीच नदीत बुडवून येतो. म्हाताऱ्यानं हंड्यावरून एकदा हात फिरवला आणि मान हलवली. तोमिकानं तो गाडीत घातला. गाडी नदीकडं गेली, आणि पूल ओलांडून सरळ गिरणीला.

संध्याकाळी झाम्फिराच्या अंथरुणावर शाल होती. लाल गुलाबांची, लांब झालरीची. तिनं ती घातली नाही. चुलीवरच्या तांब्याच्या किटलीला गाल लावून बघितला. काही ऐकू आलं नाही. आईचा तवा, काकाची घंटी, घोड्याच्या साजाची कडी, सगळ्यांना लावून बघितला. तांबं थंड होतं, बाकी काही नाही.

शुक्रवारी बुर्चाबाबा त्यांच्या घरी आला. काखेत कापडाची गाठोडी. आमच्यात मेलेल्याच्या जेवणाला त्याच्या वयाच्या कुणाला तरी नखशिखांत नवे कपडे घालून बसवतात. ते माणूस त्या दिवशी मेलेल्याच्या जागी. त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारायची, त्याला आधी वाढायचं, त्याच्याशी राहिलेलं बोलून घ्यायचं. साफ्ताच्या जागी म्हाताऱ्याच्या बहिणीची पोर बसणार होती. पण आता त्याचं मन बदललं होतं.

"जी चारचौघांत आपल्या लाजेचं खरं बोलली," तो रादाला म्हणाला, "तिच्याच अंगावर माझ्या पोरीचे कपडे शोभतील."

रादा रडायला लागली, अभिमानानं. झाम्फिरानं नाही म्हणून बघितलं. पोट दुखतंय म्हणाली, ताप आहे म्हणाली. आई म्हणाली, मेलेल्याला नाही म्हणतात का कधी. आणि गाठोडी सोडली तर आत नवा घागरा, नवे बूट, आणि लाल गुलाबांची शाल. हुबेहूब तशीच. म्हाताऱ्यानं साफ्तासाठी हिवाळ्यातच घेऊन ठेवली होती. म्हणजे जिच्यासाठी उडी मारली तसलीच शाल, आता साफ्ताच्या नावानं.

शनिवारी दुपारी तिला पाटावर बसवलं. सगळी वस्ती जमली. जो येईल तो वाकायचा आणि म्हणायचा, साफ्ता, खा बेटा, साफ्ता, आमच्यावर राग धरू नको. कुणी म्हणालं, तुझ्या बाहुलीचं डोकं मीच मोडलं होतं. ती मान हलवायची. तोमिकाही आला, वाकला, आणि पापणी न हलवता म्हणाला, की साफ्ता, तुला शांती मिळो. त्याच्या तोंडाला गिरणीवाल्याच्या दारूचा वास येत होता.

शेवटी बाप आला. तो वाकला नाही, गुडघ्यावर बसला.

"साफ्ता, पोरी," तो म्हणाला, "तुझा हंडा मला सांभाळता आला नाही. मला माफ कर."

अशा वेळी शब्द ठरलेला असतो. 'माफ केलं' म्हणायचं, डोक्याला हात लावायचा, झालं. झाम्फिरानं तोंड उघडलं, आणि तोंडातून आवाज आला तो हातोड्याचा. टण्ण. तांब्यावर पडतो तसा, साफ. बायकांनी छातीवर क्रूस काढले. तिनं पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा टण्ण. तिसऱ्यांदा तिनं एवढा जोर लावला की मानेच्या शिरा फुगल्या, आणि ठोका असा पडला की अंगणातल्या सगळ्या पातेल्यांनी त्याला साथ दिली, झाकणं थरथरली, रस्सा हिंदकळला. म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तो ठोका त्याच्याच हाताचा होता, मध्येच थोडा चुकलेला. पोर हसल्यावर चुकायचा तसा.

तेव्हा ती म्हणाली, "मी मुद्दाम उडी मारली." आणि हा आवाज तिचा, माणसाचा होता. मग सगळं सांगितलं. शाल, काका, कुंपण. काकाच्या गाडीच्या चाकांना नदीचा चिखल नव्हता, गिरणीचं पीठ होतं, हेही.

माणसं तशीच उठून गिरणीकडं धावली. गिरणीवाला म्हणाला, हंडा काल सकाळीच गेला. डोंगरापलीकडून एक व्यापारी ट्रक घेऊन आला होता, दुप्पट बोलला, दिला. कोण व्यापारी, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं.

पंचांनी पॉपलरखाली बसून तोमिकाला वाळीत टाकलं. तो पुढं देश सोडून गेला, मेला का जिवंत, मला माहीत नाही, विचारतही नाही. पोरीला त्यांनी काही शिक्षा दिली नाही, लहान आहे म्हणाले. लहान. हा शब्द तिला चाबकापेक्षा जोरात लागला.

तिनं अंगावरचे कपडे काढून, घडी करून बुर्चाबाबाच्या दारात ठेवले. त्यानं शाल उचलली आणि परत तिच्या खांद्यावर टाकली.

"मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत घेत नाहीत," तो म्हणाला. "फाटेपर्यंत घालायचं."

तिनं घातली. रोज घातली. काकानं आणलेली तिनं त्याच दिवशी चुलीत घातली होती, आणि ही मात्र फाटता फाटत नव्हती. म्हातारा त्यानंतर नऊ वर्षं जगला. तो तिला एक वाईट शब्द बोलला नाही, आणि सकाळची हाकही बंद केली नाही. काल घडवलेलं भांडं पुढं करायचा.

"आज काय म्हणते?"

ती गाल लावायची. हसतेय म्हणाली असती तर कोण धरणार होतं? पण एकदा खरं बोलून तिनं त्याला लुटलं होतं, आता खोटं बोलून त्याला खूश करणं तिला जमेना.

"काही नाही, बाबा."

"बरं," तो म्हणायचा, "उद्या बघू."

मरायच्या आदल्या सकाळीही तेच विचारलं, आणि तेच ऐकलं.

तिच्या केसांत आता पांढरं आलं. जत्रा-बाजार करत फिरते, मी तिची गाडी हाकतो, म्हणून मला सगळं ठाऊक. जुनं तांबं दिसलं की उतरते, पालथं करते, बुडाशी बुर्चाबाबाची खूण आहे का बघते. खूण पटली तरी तिला ऐकू येणार नाही. तिच्यासाठी तांबं त्या गुरुवारपासून मुकंच आहे. म्हणून दुसऱ्याच्या कानाची गरज.

तांबं काय, कुठूनही कुठं जातं. तेव्हा माझं एक काम करा. घरी गेलात की माळ्यावरचं, अडगळीतलं एखादं मोठं जुनं भांडं असेल ते पालथं करा. बुडाशी चंद्रकोर असेल आणि तिच्या पोटात तीन ठोके, तिसरा जरा चुकलेला, तर त्याला कल्हई लावू नका, विकू नका. घरात कुणी नसताना एकदा गाल टेकवून बघा. आणि आत कुणी पोर हसत असेल, तर मला तेवढं कळवा.