इंचबाईचे सतरा मिलिमीटर

गल्लीत तिला सगळे इंचबाई म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण तिलाच ते आवडायचं. कोट, जाकिटं, गणवेश, म्हणाल ते ती शिवायची. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत येईस्तोवर त्याच्या खांद्याचं माप तिच्या नजरेने घेतलेलं असायचं. टेप लावायची ती केवळ त्या बिचाऱ्याच्या समाधानासाठी. तयार कपड्यांचा तिला भारी तिटकारा. "हा साइज सगळ्यांना बसतो," असं कुणी म्हणालं की तिचा पारा चढायचा. "सगळ्यांना म्हणजे कुणाला? राहतात कुठे हे सगळे? आणा त्यांना, माप घेते," असं ती फटकन सुनवायची.

अशा या बाईला दिवस भरायच्या दोन महिने आधीच मुलगी झाली. वजन चौदाशे ग्रॅम. जन्मल्याबरोबर पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून दोऱ्याएवढी बारीक नळी पोटापर्यंत सोडली. दुसऱ्या दिवशी इंचबाई चाकाच्या खुर्चीतून पेटीपाशी आली आणि बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेला माप घेता येईना. पोरीची मूठ कोटाच्या मोठ्या बटणाएवढी होती, आणि त्या मुठीला पाच बोटं होती, बोटांना नखंसुद्धा होती. "बटण," ती एवढंच म्हणाली. तेच नाव पडलं.

वॉर्डातल्या सिस्टर तिथे वीस वर्षं काम करत होत्या. त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं.

"चोखायची ताकद यायला हिला अजून तीनेक आठवडे लागतील. तोवर नळीने दूध द्यायचं, दर तीन तासांनी. पोट कच्चं आहे. आईचं दूध अशा पोटाला झेपतं, पावडर जड जाते. पावडरीवरही मुलं वाढतात हं, उगाच जिवाला लावून घेऊ नका. पण तुमचं मिळालं तर सोनंच. आणि एक ऐका, हे पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. जितकं काढाल तितकं शरीर बनवेल. काढलं नाहीत तर ते समजेल की गरज नाही, आणि आटवून टाकेल."

मग सिस्टरनी हाताने कसं काढायचं ते दाखवलं. अर्धा तास खटपट केल्यावर घट्ट, पिवळं असं काहीतरी सिरिंजमध्ये जमलं. अर्धा मिलिलिटर. इंचबाईला वाटलं, आता ह्या हसतील. सिस्टर हसल्या नाहीत. ती सिरिंज त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि हळूहळू पावलं टाकत पेटीपाशी नेली. ते बघून इंचबाईच्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, बटणाला नाही. घरी जाण्याआधी ती सासूबाईंना घेऊन थेट पंप घ्यायला दुकानात गेली. सासूबाईंची तीस वर्षं औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात गेली होती. तासाला चार हजार बाटल्या त्यांच्या नजरेखालून जायच्या. मशीन म्हटलं की त्यांना चेव यायचा. दुकानदाराने काउंटरवर पंप मांडले: एक हाताने दाबायचा, एक कपड्यांच्या आत बसवून हिंडता येईल असा, एक विजेवर चालणारा पण एका बाजूचा, आणि एक दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा.

"हा बघा, कपड्यांच्या आत. कुणाला कळणारसुद्धा नाही," दुकानदार म्हणाला.

"आम्हाला कुणापासून लपवायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "मूल चोखत नाहीये. मशीनलाच मुलाचं काम करायचंय. दोन्ही बाजूंचा लावा बघू, आवाज ऐकू दे."

त्यांनी पंपाला कान लावला आणि डोळे मिटले. आधी भरभर हलके झटके, मग सावकाश खोल ओढ. "ताल चुकत नाही. हाच," त्यांनी निकाल दिला.

खोक्यात प्लास्टिकची नरसाळी होती, छातीला लावायची. दोन मापांची, चोवीस आणि अठ्ठावीस. "लहान चोवीस. सगळ्यांना बसतं," दुकानदार म्हणाला.

आणि काय सांगावं, इंचबाईने मान डोलावली! ज्या वाक्यावर तिने आजवर निम्मी गल्ली झापली होती, ते वाक्य तिच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. तीन दिवसांची बाळंतीण, मन सगळं काचेच्या पेटीपाशी. चोवीस म्हणजे चोवीस काय, कसलं माप, कुठून कुठे, हे तिने विचारलं नाही.

घरी खिडकीजवळची शिवणाची खुर्ची आता दुधाची खुर्ची झाली. दर तीन तासांनी ती बसायची, पंप सुरू व्हायचा, आणि समोर बंद पडलेलं शिलाई मशीन तिच्याकडे बघत असायचं. नवरा बस चालवायचा. सकाळच्या पहिल्या फेरीला तो बर्फाच्या पिशवीत बाटली घालून सीटशेजारी ठेवायचा आणि हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरून धावत देऊन यायचा. प्रवासीही ओळखायला लागले होते. त्या थांब्यावर कुणी घंटीची घाई करत नसे.

पण बाटलीत असायचं काय? चौथ्या दिवशी एका बैठकीला पाच मिलिलिटर. पाचव्या दिवशी आठ. बटणाला आता एका वेळेला बारा लागत होते, आणि दूध रोज थोडं वाढवायचं होतं. उरलेली जागा पावडर भरून काढत होती. पेटीशेजारच्या फळीवर पावडरीचा डबा आला होता, त्यावर बटणाच्या पेटीचा नंबर लिहिला होता. पावडर दिली की पोरीचं पोट फुगायचं, मग डॉक्टर एक वेळ दूध बंद ठेवायचे.

इंचबाईने पंपाची ओढ वाढवली. चारवरून सहा, सहावरून नऊ. डोळ्यांत पाणी यायचं पण तोंडातून ब्र काढायची नाही. दुखतंय म्हणजे काचत असणार, आणि काचतंय म्हणजे सैल करायला हवं, असा शिंप्याचा हिशोब करून तिने चोवीसचं नरसाळं काढलं आणि अठ्ठावीसचं लावलं. सहाव्या दिवशी दूध आठवरून सहावर आलं.

सासूबाईंनी सगळं यंत्र टेबलावर सोडवून मांडलं. झडप तपासली, नळ्या उजेडात धरल्या, ओला अंगठा लावून ओढ बघितली. "मोटर ठीक. झडप ठीक. हवा कुठे गळत नाही," त्या म्हणाल्या. "मशीनमध्ये काही दोष नाही."

म्हणजे दोष कुणात, हे सांगायची गरज उरली नाही. इंचबाई आत गेली, दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून रडली. सासूबाईंना आपलं वाक्य कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी दारावर थाप मारली.

"अगं, मी मशीनबद्दल बोलले. तुझ्याबद्दल नाही."

"दोन्ही एकच आहे, आई. डॉक्टर उद्यापासून पंधरा देणार आहेत. मी सहावर आहे. आणखी चार दिवसांत माझं आटेल."

सातव्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून आरशासमोर उभी राहिली. छातीवर गोल वळ उठले होते. लोकांच्या अंगावरचे वळ बघण्यात तिचा जन्म गेला होता. काखेतले, गळ्याभोवतीचे, कमरेचे. कुठला वळ कुठल्या चुकीचा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. ती पुढे वाकली आणि आपल्या अंगाकडे गिऱ्हाइकाच्या अंगाकडे बघावं तसं बघू लागली. वळ जिथे असायला हवा होता, त्याच्या बराच बाहेर होता. स्तनाग्र सुजलेलं, आणि भोवतीची कातडीही नळीत ओढली गेल्यासारखी लालभडक.

तेवढ्यात तिला मुंढा आठवला.

कोटाची बाही जिथे खांद्याला जोडतात, ते भोक म्हणजे मुंढा. हात वर केला की कोट काचतो अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि म्हणतात, मुंढा मोठा करा. नवशिके शिंपी करून देतात, आणि कोट आणखी काचायला लागतो, कारण मोठ्या मुंढ्यात हातासोबत अख्खा कोट वर ओढला जातो. खरा इलाज उलटा. मुंढा लहान करायचा, अंगाशी नेमका बसवायचा, मग हात मोकळा फिरतो. हे इंचबाईने किती जणींना ओरडून ओरडून शिकवलं होतं! आणि स्वतः मात्र काचतंय म्हणून सैल करून बसली होती.

"आई! माझी टेप आणा!" तिने अशी हाक मारली की सासूबाई चपला न घालता धावत आल्या.

टेपची इंचांची बाजू झिजून पिवळी पडली होती. दुसरी बाजू, मिलिमीटरची, कोरी करकरीत होती, कारण ती तिने कधी वापरलीच नव्हती. आज तिने टेप उलटी केली, कारण नरसाळ्यांवरचे आकडे मिलिमीटरचे होते. श्वास रोखून स्तनाग्राचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. सासूबाईंनी चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचलं.

"सतरा," त्या म्हणाल्या.

"आणि मी अठ्ठावीसमध्ये बसलेय! दुसऱ्या कुणी असं शिवलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं."

तासाभरात दोघी वॉर्डात होत्या. सिस्टरनी ऐकून घेतलं, वळ बघितले आणि कपाळावर हात मारला. "पहिल्याच दिवशी मी बघायला हवं होतं. चुकलंच माझं. माप कुणी घेतलं?"

"मीच. माझा धंदाच तो आहे," इंचबाई म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात जुना तोरा आला.

सिस्टरनी कपाटातून बंद पाकिटातली एकोणीसची, सतराला जेमतेम मोकळीक ठेवणारी, दोन छोटी नरसाळी काढली. शेजारच्या खोलीत खुर्ची होती, खिडकी होती, वॉर्डातलं मोठं मशीन होतं. सिस्टरनी नरसाळी बसवली आणि ओढ चारवर ठेवली. "एवढीच?" इंचबाईने विचारलं. "एवढीच. दुखायला नको," सिस्टर म्हणाल्या.

मशीन सुरू झालं. भरभर हलके झटके. एक मिनिट गेलं, काही नाही. दोन मिनिटं गेली. सासूबाई बाटलीकडे टक लावून होत्या. इंचबाईने डोळे मिटून घेतले, बटणाची ती मूठ आठवली, पाच बोटं, पाच नखं. छातीत मुंग्या आल्यासारखं झालं, आतून काहीतरी सरकलं, आणि दुधाची बारीक धार बाटलीच्या भिंतीवर वाजली. मग दुसरी. मग इतक्या की मोजता येईनात.

थेंब काचेवरून ओघळत होते, तळाशी जमत होते, आणि ते जमलेलं वर वर चढत होतं. इंचबाईला कळेना, हे कुठे होतं इतके दिवस? तिने ते शिवलं नव्हतं, कापलं नव्हतं, कुणाकडून मागून आणलं नव्हतं. तिच्याच अंगात, तिला न विचारता, कुणीतरी रात्रंदिवस काम करत बसलं होतं आणि फक्त दार नीट उघडायची वाट बघत होतं. पाच वर्षं शिकून आणि वीस वर्षं राबून तिला जे काही येत होतं, ते तिला त्या क्षणी फार लहान वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन्ही बाटल्या मिळून बत्तीस मिलिलिटर झाले. सासूबाईंनी जुन्या सवयीने बाटली खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरली, कण आहे का बघायला, पातळी बरोबर आहे का बघायला. ती खाली ठेवायचं मात्र त्यांना भान राहिलं नाही.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. लाखो बाटल्या भरल्या मी. एकही अशी खाली ठेववेनाशी झाली नव्हती."

पेटीपाशी सिस्टरनी दट्ट्या काढलेली सिरिंज बटणाच्या नळीला जोडली, पंधरा मिलिलिटर दूध ओतलं आणि सिरिंज इंचबाईच्या हातात दिली. "उंच धरा. ढकलायचं नाही. आपल्या वजनाने उतरतं ते." मग फळीवरचा पावडरीचा डबा उचलून त्यांनी कपाटात ठेवला. "आज हा नको."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं पुढच्या वेळचं," सिस्टर सहज म्हणाल्या आणि पुढच्या पेटीकडे गेल्या.

पुढच्या वेळचं! इंचबाईने ते शब्द मनात दोनदा म्हणून बघितले. सिरिंजमधलं दूध केसाएवढं केसाएवढं खाली जात होतं. नाकातल्या त्या नळीतून ते पांढरं दिसत दिसत गेलं आणि पोरीच्या आत नाहीसं झालं. थोड्या वेळाने झोपेतच बटणाचे ओठ हलले. जीभ जराशी बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. तोंडाशी काही नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, ताकद यायलाही वेळ होता. तरी ते चोखत होतं.

"अगं," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुझा गाऊन बघ."

इंचबाईने खाली पाहिलं. गाऊनवर दोन ओले गोल उमटले होते आणि हळूहळू मोठे होत होते.

"आई, मशीन तर पलीकडच्या खोलीत आहे. बंद करून आलोय ना आपण?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "बंदच आहे."

इंचबाईने गाऊन झाकला नाही. सिरिंज रिकामी होईपर्यंत ती हात उंच धरून तशीच उभी राहिली.