कडीची उंची

बहिणीचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि उत्तर अजून गेलं नव्हतं. तिनं प्रदर्शनात उभारलेल्या कापडाच्या घरात शिरताना म्हाताऱ्यानं कोटाचा आतला खिसा दोनदा चाचपला. पत्र होतं.

त्यात लहानपणीच्या घराच्या मापांची यादी होती. खिडकी किती रुंद, पायरी किती उंच. प्रत्येक प्रश्नापुढे रिकामी जागा. त्याचा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. सगळी मापं त्यानं त्याच दिवशी भरली होती, एक सोडून. त्या एकापायी पत्र खिशातच राहिलं.

प्रदर्शनाच्या दालनात पातळ पांढऱ्या भिंती छताला टांगल्या होत्या. शेजारून कुणी गेलं की सगळं घर हलायचं. त्याला एका जागी उभं राहवेना.

"आलास एकदाचा, दादा!" बहीण म्हणाली. "पत्राला उत्तर धाडलं असतंस तर भिंती तरी सरळ आल्या असत्या."

"छान झालंय गं. पायरी तेवढी दोन इंच जास्त आहे."

"झालं! नकाशेवाला बोललाच."

हसत ती पाहुण्यांना घेऊन अडगळीच्या खोलीपाशी गेली. दाराला बाहेरून कडी होती, तांबड्या दोऱ्यानं शिवलेली, माणसाच्या डोक्याच्याही वर.

"चार वर्षांची होते," ती सांगू लागली. "अख्खी दुपार आत कोंडलेली. दार उघडलं तेव्हा समोर आई. तिनं कधी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. आणि इतक्या उंच दुसऱ्या कुणाचा हात पोचणार? शेवटपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. सगळे वळले.

"काय रे दादा?"

"काही नाही. पाणी कुठे मिळेल?"

पाण्याकडे न जाता तो रस्ता ओलांडून समोरच्या पोस्टात शिरला. दोरीला बांधलेलं पेन घेऊन त्यानं कडीपुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'तीन फूट.' एवढ्यानं भागणार नव्हतं. मग खाली लिहिलं: 'मी नऊ वर्षांचा होतो. पुस्तकाची थोडीच पानं उरली होती आणि तू वाचू देत नव्हतीस. आई बाहेर गेली होती. तिनं येऊन फक्त कडी काढली. तू सांगू नकोस, मीच सांगेन, असं मी तिला म्हणालो होतो.'

पाकीट घेऊन त्यानं त्यावर प्रदर्शनाच्या दालनाचा पत्ता घातला. तो वाचून खिडकीतली बाई म्हणाली, "अहो आजोबा, हे तर समोरच आहे. हातातच द्या की, तिकीट वाचेल."

"तसं जमत नाही हो मला."

पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला. त्याची बोटं फटीत तशीच राहिली.

"काका, गेलं ते आत," रांगेतलं कुणीतरी म्हणालं. "हात काढा आता."