गालिहचं कोपर

"तुझ्या त्या साइटनं माझ्या बायकोचा नंबर घालवला, पोरी."

वागियोकाका, तिकडच्या बोलीत पाक वागियो, इतक्या हळू बोलले, की वेनिंगला आधी ती थट्टाच वाटली. योग्यकर्ता शहरातल्या त्या गल्लीतले मालिशवाले सगळे आंधळे, वेनिंगही त्यांतलीच, आणि थट्टेत पाक वागियोंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण म्हातारा हसला नाही.

"काय झालं, पाक?"

"हृदयाचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. नंबर मिळालेला होता. वेळ ऐकायला म्हणून साइट उघडली. फोन म्हणतो, बटण. पुढं सरकलो, तर परत बटण. कसलं बटण ते काही सांगेना. दाबलं एक. तर म्हणतो, तुमची नोंदणी रद्द झाली."

"असं होणारच नाही. प्रत्येक बटणाला नाव आहे. मी स्वतः तपासलंय."

"तू सांगितलंस म्हणून तर उघडली, बाई. नाहीतर रुग्णालयाच्या खिडकीवर गेलो असतो मुकाट्यानं."

ते खरंच होतं. रुग्णालयाची साइट बनवणाऱ्या कंपनीनं वेनिंगला तपासणीसाठी बोलावलं, तेव्हा अख्ख्या गल्लीची कॉलर ताठ झाली होती. बोटाखाली येईल ते फोन वाचून दाखवतो, ते नुसतं ऐकून आंधळ्या माणसाला ती साइट वापरता येते का, एवढंच तिला बघायचं होतं. गालिह नावाचा पोरगेला डिझायनर तिला बसथांब्यावरून न्यायला यायचा. तिला मबाक म्हणायचा, म्हणजे ताईच. त्याचं कोपर धरून ती ऑफिसात जायची आणि तिथल्या फोनवर साइट उघडून त्याला फैलावर घ्यायची. "हे चित्र मुकं आहे, ह्याला नाव दे!" पुढच्या खेपेला त्या चित्राला नाव असायचं. अशी हौसेनं ऐकणारी माणसं वेनिंगला आयुष्यात फार भेटली नव्हती. शेवटी तिनं मालिशवाल्यांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला होता, "बिनधास्त वापरा. जबाबदारी माझी."

आता तिनं स्वतःचा फोन काढला. आजवर तपासणी ऑफिसच्याच फोनवर झाली होती, दुसरीकडे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं बोट फिरवलं. बटण. बटण. बटण. दिवसभर लोकांची अंगं रगडणाऱ्या तिच्या बोटांनी पडदा पुन्हा वरपासून खालपर्यंत चाचपला.

दुपारी ऑफिसात साइटच्या शुभारंभाचा पिवळा भात होता. गालिह नेहमीसारखा थांब्यावर उभा होता. सवयीनं तिनं त्याचं कोपर धरलं.

"माझ्या फोनवर बटणांना नावं नाहीत, गालिह."

 तिच्या हातातलं कोपर ताठरलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं.

"रुग्णालयवाल्यांना साइटचं दुसरंच रूप आवडलं, मबाक. ते केव्हाच ठरलं होतं. त्यात नावं घालायची म्हणजे सगळं उसवायचं. साहेब म्हणाले, नंतर बघू."

"मग मी काय तपासत होते?"

"जुनं. ऑफिसच्या फोनमध्ये ठेवलं होतं. तुम्ही सांगाल ते मी त्यात दुरुस्त करायचो."

"टाकून दिलेल्या साइटमध्ये?"

"तुम्ही इतक्या खूश व्हायच्या... तोंडावर नाही कसं म्हणायचं? मला फार संकोच व्हायचा."

"आंधळ्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढी मेहनत घेतलीस रे!"

त्यानं कामात टाळाटाळ केली असती तर तिनं चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण तिचा एकेक शब्द त्यानं मन लावून ऐकला होता, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं. केसानं गळा कापला होता पोरानं.

ऑफिसात हळदीच्या भाताचा घमघमाट सुटला होता. डोंगरासारख्या रचलेल्या त्या भाताचं टोक कापून सर्वांत मानाच्या माणसाला देतात. साहेबांनी टोक कापलं. "हे आमच्या वेनिंगताईंना! ह्यांच्यामुळे आपली साइट सगळ्यांची झाली." टाळ्या पडल्या. बशी तिच्या हातात आली.

चारचौघांत मानाचा घास नाकारायचा नसतो, हे तिलाही लहानपणापासून शिकवलेलं होतं. तिनं हातानं टेबलाची कड चाचपली आणि बशी खाली ठेवली.

"मी तपासलेली साइट लोकांना मिळालेली नाही. तिच्याशी जोडलेलं माझं नाव काढा."

"आपण बसून बोलू ना नंतर," साहेब हसत म्हणाले.

तिथंच उभं राहून, सगळ्यांसमोर, तिनं ग्रुपवर बोलून निरोप पाठवला, "रुग्णालयाची साइट वापरू नका. मी सांगितलं ते चुकीचं होतं." गालिहचं नाव तिनं घेतलं नाही. थोड्या वेळानं ग्रुपवर पाक वागियोंचा आवाज आला, "ऐकलं." तेवढंच. ना पोरी, ना थट्टा.

ती निघाली तसा गालिह मागोमाग आला. त्यानं कोपर पुढं केलं, तिच्या दंडाला लावून पाहिलं. तिनं पिशवीतून घडीची काठी काढून उघडली.

दारापाशी तो हळूच म्हणाला, "पायरी आहे, मबाक."

ह्याच शब्दांवर ती आजवर इथून बिनघोर उतरत आली होती. आज ती थांबली. काठी पुढं टेकवून तिनं चाचपून पाहिलं. पायरी होती. मग ती उतरली.