बेकेलाइटचा वास

अलीमनं काळ्या दांडीवर कानस घासली, भुगा बोटावर घेतला आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते बोट कचरूच्या नाकापुढं धरलं.

"दवाखान्याचा वास," कचरू म्हणाला. "बेकेलाइट हाये. बिलकुल."

लढाईमुळं पितळ मिळेनासं झालं होतं. जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरला गरम पाणी देणाऱ्या पंपाचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं कडं, आता या नव्या मालातून करायचा होता. हैदराबादहून दोन दांड्या आल्या होत्या, एक बेकेलाइटची, एक एबोनाइटची, पण दोन्ही काळ्याभोर आणि खूण कशावरच नाही. बेकेलाइट गरम पाण्याला दाद देत नाही. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. थंड असताना टणक, उकळत्या पाण्यात मऊ. कानस लावली की वासावरून ओळखायचं: बेकेलाइटला दवाखान्यातल्या कार्बोलिकचा, एबोनाइटला गंधकाचा. पण विषमज्वरातून उठल्यापासून अलीमला कसलाच वास येत नव्हता. हे घरी बायकोला, अनवरीला, ठाऊक होतं आणि इथं फिटर कचरूला. बाकी कारखान्यात अलीमभाईच्या नाकाचा केवढा बोलबाला!

बद्रीनाथ मिस्त्री दिवाळीला काम सोडणार होते. त्यांच्या जागी अलीमच, असं मॅनेजर काकासाहेब चारचौघांत बोलून चुकले होते.

लेथवर किस लांब, गुंडाळत निघाला. बेकेलाइट असतं तर भुगा पडायला हवा होता. अलीमच्या हाताला शंका आली. पण वास कचरूनं घेतला होता, आणि कचरू खोटं सांगेल ही शंका काही त्याला आली नाही. त्यानं आपल्या हातालाच वेड्यात काढलं आणि बुश पुरा केला.

दुपारी पंप अडकला. काकासाहेबांनी बुश बाहेर काढायला लावला. तो बोटानं दाबला तरी वाकत होता.

"अलीम, माल तपासला होतास ना?"

अलीमनं कचरूकडं पाहिलं. चूक दोघांची म्हणून तो पुढं येईल, एवढंच त्याला वाटत होतं.

"साहेब, त्यांन्ला वासच येत न्हाई," कचरू म्हणाला. "लई वर्षं झाली. मीच झाकून ठिवलं व्हतं."

मागं कुणीतरी हसलं. काकासाहेब हसले नाहीत. दिवाळीची वाट न बघता त्यांनी मिस्त्रीची जागा कचरूला देऊन टाकली.

नळावर हात धुताना अलीमनं हळूच विचारलं, "चुकून झालं का रे?"

कचरूनं नुसती मान हलवली असती तरी अलीमनं मानलं असतं. त्याला मानायचंच होतं.

"मी तरी किती दिवस तुमचं नाक व्हायचं, अलीमभाई?" कचरू म्हणाला आणि हात झटकून निघून गेला. नळ तसाच वाहत राहिला.

सकाळी नव्या मिस्त्रीनं दुसरी दांडी आणून लेथवर ठेवली.

"हे बेकेलाइट हाये. जल्दी चढवा, बॉयलर थंडा पडलाय."

अलीमनं दांडीची एक चकती कापली. डब्यात पाणी घेऊन त्यात ती टाकली आणि डबा भट्टीवर ठेवला.

"दोनच तर दांड्या व्हत्या," कचरू आवाज खाली आणून म्हणाला. "पहिली एबोनाइट निघाली. मंग ही दुसरी काय आसंल?"

"मालूम आहे," अलीम म्हणाला. "आता तुझ्या नाकावर नाही चढवणार. उकळू दे."

एकेक जण हातातलं काम सोडून भट्टीपाशी आला. सगळ्यांच्या नजरा डब्यावरून कचरूकडं वळल्या, आणि पाणी उकळायला अजून बराच वेळ होता.